रडण्याआधीचं बाळ

"सिस्टर, हे बाळ निळं का?" प्रदर्शनाचे व्यवस्थापक दबक्या आवाजात विचारत होते. "सकाळपासून तिघांनी तक्रार केली. एक बाई तर डोळे पुसत बाहेर गेल्या. लोकांना वाटतं, मेलेलं आहे."

"मेलेलं नाही. अजून रडलं नाहीये, एवढंच."

"ते तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला कसं कळणार? चित्राला नावही नाही, खालची चिठ्ठी कोरीच आहे. असं करा, जरा गुलाबी करून टाका. नाहीतर पाच वाजता मला ते उतरवावं लागेल."

सिस्टरनी नुसती मान डोलावली. चौतीस वर्षं प्रसूतिकक्षात काढलेल्या बाईला घाई करणाऱ्या पुरुषांची सवय असते.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी तैलरंगांची पेटी आणली, तेव्हा घरच्यांनी हसू दाबलं होतं. शिकवायला कोणी नव्हतं. वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक आणि स्वतःच्या चुका, यांच्यावरच सगळा कारभार. पहिलं वर्षभर त्यांची सफरचंदं बटाट्यांसारखी दिसत होती.

पण हे बाळ त्यांना तोंडपाठ होतं. आधी त्यांनी ते नखशिखांत गुलाबी रंगवलं, कारण गुलाबीपणा आत असतोच, तो फक्त वर यायचा असतो. तो थर खडखडीत वाळल्यावर वरून निळसर हात दिला. नुकतंच जन्मलेलं अंग ओलं दिसावं म्हणून त्यात जवसाचं तेल सढळ हाताने घातलं आणि तिथेच घोळ झाला. दीड महिना पंख्याखाली ठेवूनही ते काही वाळेना. "आई, हे बाळ वाळायला नऊ महिने घेणार," मुलगा म्हणाला. अर्जात 'चित्र पूर्ण वाळलेलं असावं' अशी अट होती. सिस्टरनी ती दोनदा वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा खोट्यावर सही ठोकून दिली.

"करा ना आई थोडं गुलाबी," आता सून हळूच म्हणाली. "पहिल्यांदा तुमचं चित्र भिंतीवर लागलंय. उतरवलं तर मलाच बघवणार नाही."

सिस्टरनाही बघवलं नसतं. त्यांनी पर्समधून गुलाबी रंगाची ट्यूब काढली, टोपण उघडलं, पण हात पुढे होईना. गुलाबी बाळं सगळ्यांनीच पाहिलेली असतात. सगळी खोली श्वास रोखून उभी असते ते मिनिट मात्र त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं, आणि ते खोटं करायला मन तयार नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. डॉक्टरबाई. ऐंशी ओलांडलेल्या. सिस्टरनी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढली, पण कौतुकाचा एक शब्द कधी कानावर पडला नव्हता. आमंत्रण पाठवलं होतं खरं, पण त्या येतील असं काही वाटलं नव्हतं.

"काय दिवे लावलेस बघू," म्हणत डॉक्टरबाई चित्रासमोर आल्या. मग हातातली काठी त्यांनी न बघताच सुनेच्या हातात कोंबली.

"जन्मून किती वेळ झाला?"

"चाळीस सेकंद," सिस्टर बोलून गेल्या.

"मग बघत काय उभी राहिलीस?" आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी पुढे वाकून, न रडणाऱ्या बाळाला रडवायला मारतात तशी, बाळाच्या तळपायावर टिचकी मारली.

"अहो, हात लावू नका," व्यवस्थापक धावत आले.

डॉक्टरबाई आपल्या निळ्या झालेल्या नखाकडे पाहत होत्या. सिस्टरनी त्यांना ओशाळलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "अगं, मला वाटलं..." एवढंच म्हणून त्या थांबल्या.

सिस्टरनी तळपाय पाहिला. नखाएवढा निळा रंग निघाला होता आणि खालून गुलाबी दिसत होता. निरोप समारंभातली भाषणं, शाल, घड्याळ, कशानेच त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

"हे दुरुस्त करून घ्या, नाहीतर मी उतरवतो," व्यवस्थापक म्हणाले.

"कोण उतरवतंय?" डॉक्टरबाईंनी जुन्या आवाजात विचारलं. त्या आवाजापुढे वॉर्डात कोणाची टाप नव्हती. व्यवस्थापकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या तळपायाकडे पाहिलं.

"राहू द्या मग," ते म्हणाले. "राहू द्या असंच."

सिस्टरनी ट्यूबचं टोपण घट्ट लावलं. मग प्रत्येक बाळंतपणात जन्मवेळ टिपायला पाहायच्या तसं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि चित्राखालच्या कोऱ्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'दुपारी चार वाजून सत्तावीस मिनिटं.'