रविवारची पन्नास काडतुसं

माझ्या बायकोला, आर्डिसला, मातीत ठेवून एकोणीस दिवस झाले, तेव्हा गस माझ्याकडे बंदुका न्यायला आला.

आमच्या खोऱ्यात ही रीत आहे. कोणाची बायको गेली, कोणाचं घर मोडलं, की जवळचा मित्र येतो आणि म्हणतो, थोडे दिवस तुझी हत्यारं माझ्या कपाटात राहू देत. दुःखातल्या माणसाच्या हाताशी बंदूक नको, हे कारण कोणी बोलून दाखवत नाही. गसचा भाऊ गेला त्या वर्षी मीच त्याच्याकडे गेलो होतो.

"बर्फ वितळेपर्यंत," गस दारातच म्हणाला. टोपी हातात होती.

"आत तरी ये. कॉफी आहे."

"तुझी कॉफी म्हणजे डांबर. आर्डिस असताना पीत होतो." मग बूट झटकून आत आला.

मी दोन्ही रायफली दिल्या. आर्डिसचं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर दिलं. ते मोठं होतं, आणि तिचा हात लहान. आम्ही एल्क हरणांच्या शिकारीला जायचो किंवा रानात बोरं वेचायला जायचो तेव्हा अस्वलासाठी ते तिच्याच कमरेला असायचं, कारण ती माझ्याहून चांगली नेमबाज होती. गसने ते जुन्या टॉवेलात गुंडाळलं.

"काडतुसं?" त्याने विचारलं.

"ती राहू दे. ती तिने भरलेली आहेत."

"म्हणून तर विचारतोय. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी उडवत नाही. ठेवून करणार काय?"

"फोडणार आहे. सहाही डबे."

गसने टॉवेल टेबलावर ठेवला. मी काय शोधतो आहे हे त्याला सांगावं लागलं. तेच इथेही सांगतो.

आर्डिस काडतुसं घरीच भरायची. तिच्या बापाने तिला शिकवलं होतं. उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वरून शिशाची गोळी दाबायची. तिच्याकडे एक वही होती. पुढच्या बाजूने रानचेरीच्या जेलीची कृती, लोणच्याची कृती, आईचा पाव. वही उलटी केली की मागून काडतुसांच्या कृती आणि डबे भरल्याच्या नोंदी. तिच्या आवडीच्या तीन होत्या. "अस्वलाची" म्हणजे जड गोळी आणि पुंगळी भरून दारू. "हरणाची" मधली. आणि "रविवारची". ती हलकी, मनगट न दुखवणारी. रविवारी चर्चहून आलो की आम्ही गोठ्यामागे पत्र्याचे रिकामे डबे मांडून नेम धरायचो, त्यासाठी. त्यात दारू इतकी थोडी की पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसते. अस्वलाच्या काडतुसात कोणी चुकून दोनदा दारू घातली तर ती सांडते आणि चूक कळते. रविवारच्यात दोनदा घातली तरी मावते, आणि कळत नाही. कळते ती रिव्हॉल्व्हर हातात फुटल्यावर.

तिच्या बापाची दोन बोटं अशीच गेली. तो भरत असताना एक शेजारी येऊन गप्पा मारत बसला होता.

म्हणून आर्डिसचा नियम होता. ती त्या टेबलाशी बसली की रेडिओ बंद. टेबलावर दारूचा एकच डबा. आणि तिच्याशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी खोकायचं, असं ती म्हणायची. एकतीस वर्षांत मी एकदाही बोललो नाही. याचा मला अभिमान होता.

दर महिन्याला ती रविवारच्या पन्नासांचा एक डबा भरायची. डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. मागच्या वर्षी एप्रिलपासूनच सगळं कोरडं होतं. वणव्यांमुळे उन्हाळाभर उघड्यावर गोळी उडवायला बंदी. डबे साठत गेले. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

पूर्वी एक डबा भरायला तिला तासभर लागायचा. उन्हाळ्यात दोन तास लागायला लागले, मग तीन. मी ओसरीवर भुकेला बसून राहायचो. गस कुंपणापलीकडून ओरडायचा, "काय रे, आज तरी जेवलास का?" आणि मी म्हणायचो, "बाई सोनं तोलतेय. हळू बोल."

एकदा, सप्टेंबरमध्ये, मी कॉफीचा कप घेऊन तिच्या खोलीच्या दारात गेलो. तिने मान वर केली. टेबलाशी बसल्यावर ती कधी मान वर करत नसे. मला वाटलं, माझ्या पावलांनी तिची मोजणी चुकली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या मागे निघून आलो.

ऑक्टोबरमध्ये पहिला बर्फ पडला, बंदी उठली, आणि आम्ही गोठ्यामागे पत्र्याचे डबे मांडले. हाताला काडतुसांचा जुलैचा डबा लागला. पाच गोळ्या नीट गेल्या. सहावी तिने उडवली तेव्हा नुसतं फुस्स झालं.

"थांब!" ती स्वतःवरच ओरडली. रिव्हॉल्व्हर खाली केलं. पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकली होती. त्यावर तिने पुढची उडवली असती तर नळी फुटली असती.

मी हसलो. "मीठ विसरलीस की गं स्वयंपाकात!"

ती हसली नाही. लाकडी दांड्याने ठोकून तिने गोळी बाहेर काढली. मग म्हणाली, "गसला सांगू नको."

"सांगणारच. तीस वर्षं तो या दिवसाची वाट बघतोय."

"ऑरिन. नको सांगू."

मी नाही सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी तिला "चमचा" हा शब्द आठवेना. तिने तो हातात धरला होता. दुपारी ती पडली. मिझुलाच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो दाखवला. गाठ लिंबाएवढी होती. बाईंनी विचारलं, "आधी काही जाणवलं का? नेहमीच्या कामात चूक, विसर, वेळ जास्त लागणं?"

आर्डिस खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. तिच्याइतकी काटेकोर बाई अख्ख्या खोऱ्यात नाही."

बाई म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला असतात तर गाठ लहान असती. काढता आली असती."

आर्डिस फेब्रुवारीत गेली. आम्हाला मूल नाही. दफनाहून घरी येऊन मी कोट काढला आणि मला ते फुस्स आठवलं. तेव्हापासून मला एक तारीख हवी होती. ती कधीपासून चुकायला लागली ते. ती तारीख त्या डब्यांत होती.

गसने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नुसती तोलून बघ. फोडू नको."

"तोलून कळत नाही. शिशाच्या गोळ्यांच्याच वजनात त्याहून जास्त फरक असतो. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." तो उठला. "समजा कळलं. जून निघाला, नाहीतर जुलै. मग काय करशील? कॅलेंडर फाडशील?"

"मला कळायला हवं."

"गाढव आहेस," गस म्हणाला. टॉवेल काखेत मारून निघून गेला. रायफली नेण्यासाठी त्याला परत यावं लागलं.

काडतूस उघडायला प्लास्टिकचा एक हातोडा मिळतो. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी आणि दारू बाहेर येते. दारू तिच्या लहान काट्यावर तोलायची आणि मग सगळं एका परातीत टाकायचं. वहीतलं तिचं रविवारच्या कृतीचं पान मी समोर उघडं ठेवलं. ते जुनं पान होतं, कडा तेलकट झालेल्या. बाकी वही मी चाळली नाही. मला जेलीच्या कृतीतलं तिचं अक्षर बघवत नव्हतं.

एप्रिल. पन्नासच्या पन्नास बरोबर. काटा रेषेवर येऊन थांबायचा. मला इतकं बरं वाटलं की मी उठून दोन अंडी तळून खाल्ली.

मे. पन्नास बरोबर.

जून. चिठ्ठीवर नऊ तारीख. एकतिसावं काडतूस आपटलं आणि काट्यावर अर्धीच दारू आली. मी हातोडा झटकला, ओंडका झाडला, जमिनीवर गुडघ्यांवर बसून बघितलं. सांडली नव्हती. तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी मी जुलै उघडला. त्यात उरलेल्या चव्वेचाळिसांत आणखी दोन रिकामी. ऑगस्टमध्ये चार चुकीची, आणि त्यांतल्या एकात दोनदा घातलेली दारू. पुढच्या रविवारी आम्ही ऑगस्टचा डबा काढला असता, तर ते तिच्या हातात आलं असतं किंवा माझ्या. मी ते बाजूला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सप्टेंबर. मला वाटलं यात दहा तरी निघतील. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. दहा, वीस. मी भराभर आपटायला लागलो. तीस, चाळीस. पन्नासच्या पन्नास. एप्रिलपेक्षाही काटेकोर. काटा हलतसुद्धा नव्हता.

मला काही समजेना. थोडा वेळ वाटलं की आजार नव्हताच, उन्हाळ्यात ती फक्त थकली होती, गाठ नंतर आली, आणि म्हणून माझ्याकडून काही चुकलं नाही. हे वाटलं ते मी लपवत नाही. मग मी वही उचलली आणि सप्टेंबरचं पान शोधलं.

पानभर काड्या होत्या. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, एक आडवी. पन्नासांचे तीन गट. पेन्सिलीने वर लिहिलं होतं: "प्रत्येक तीनदा तोलायचं. घातलं की लगेच काडी. डोक्यावर विश्वास नको." त्याखाली: "ऑरिनला शिकारीनंतर सांगायचं."

आणि पानाच्या तळाशी, वाकड्या ओळीत: "आज दारात आला होता. वाटलं विचारेल. कॉफी घेऊन परत गेला."

वर बघितलं तेव्हा परात समोर होती. सहा डब्यांतली दारू एकत्र, शिशाच्या गोळ्यांचा ढीग, पुंगळ्या इकडेतिकडे. सप्टेंबरची पन्नास कुठली आणि ऑगस्टची कुठली, आता सांगता येत नव्हतं. डोकं साथ देत नसताना तिने तीन-तीनदा तोलून ती भरली होती, माझा हात शाबूत राहावा म्हणून. तिने केलेली तेवढीच गोष्ट घरात शाबूत उरली होती. वही आधी वाचली असती तर मी त्या डब्याला हात लावला नसता.

दुपारी गस आला. हातात झाकलेलं भांडं होतं, त्याच्या बायकोने पाठवलेलं बीन्सचं सूप. त्याने टेबल बघितलं, मग मला.

"मिळाली तारीख?"

"नऊ जून."

मी वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. तळाच्या ओळीपाशी त्याचं बोट थांबलं.

"अरे देवा," तो म्हणाला. मग चष्मा काढत, "पन्नास मी भरून देतो तुला परत. तिच्याच कृतीने."

"मग ती तुझी होतील."

"हो. माझी होतील," गस म्हणाला.

आम्ही परात घेऊन बाहेर गेलो. मिसळलेली दारू कशातच चालत नाही. आर्डिस खराब झालेली दारू दर वसंतात रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात टाकायची, खत म्हणून. वाफा बर्फाखाली होता. गसने फावड्याने बर्फ बाजूला केला, मी परात उपडी केली. राखाडी कण ओल्या मातीवर पडले. वारा नव्हता.

"रुबार्ब येईल तेव्हा तिच्यासारखी त्याची गोड पाय-पेस्ट्री कोण करणार?" मी म्हणालो.

"मी तर नाही. तूही नाही. सडेल तो." गसने फावडं बर्फात रोवलं. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ऑरिन. तू ठीक आहेस का? रीत म्हणून नाही विचारत. विचारतोय."

त्याला हे विचारणं जड गेलं. आम्ही चाळीस वर्षांचे शेजारी आहोत आणि असं काही आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. नाक पुसलं.

"बर्फ वितळायला लागलाय," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं बर्फ वितळेपर्यंत. तिचं रिव्हॉल्व्हर तुला परत हवं असेल तर—"

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हणालो. "अजून राहू दे."