न खोडलेली नावं

रविवार, १९ फेब्रुवारी २०२३. पारा शून्याखाली बारा. वायव्येचा बोचरा वारा, रात्रीत चार इंच बर्फ.

मी वेस्टर लेक गावातल्या लुथरन चर्चची सभासद वही बोलतेय, आणि रागाने बोलतेय. माझ्यात माणसांची नावं आहेत आणि ती सगळी खोटी पडली आहेत.

माझा जन्म १९३८ सालचा. मिनियापोलिसच्या एका बांधणीवाल्याने मला हिरव्या कापडात बांधलं आणि कोपऱ्यांना तांबडं चामडं लावलं. माझ्या आधीची वही नॉर्वेजियन भाषेत होती. नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडांना ती वाचता येईना म्हणून मला आणलं. माझ्या प्रत्येक पानावर सात रकाने: नाव, जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण (वयात येताना दिलेली श्रद्धेची कबुली), विवाह, मृत्यू. सातवा रकाना ‘कमी केले’.

त्या सातव्या रकान्यासाठी नियम होता. जो सलग दोन वर्षं प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपुढे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, आला नाही, त्याला पत्र पाठवायचं आणि उत्तर आलं नाही तर नाव खोडायचं. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे जुने पाळक, हे काम दर जानेवारीत करत. त्यांची रेघ पट्टीने मारलेली असे. १९६२ साली माझ्यात तीनशे बारा नावं होती आणि रविवारी अडीचशे माणसं बाकांवर असत. माझा आकडा आणि बाकांवरचा आकडा एकमेकांना ओळखत होते.

१९८७ साली मी आर्डिथ स्कोगेनच्या हातात आले. आर्डिथ आमच्या चर्चची चिटणीस. सुवाच्य अक्षर, स्वच्छ हात. तिने मला कधी कॉफीच्या कपाखाली ठेवलं नाही. पण पहिल्याच जानेवारीत ती सातव्या रकान्यापाशी थांबली आणि म्हणाली, “राहू दे. येतील परत.”

ते आले नाहीत.

माणसं चर्च सोडतात तेव्हा सांगून जात नाहीत. आधी एक रविवार चुकतो, मग महिना. कोणी गाण्यांच्या पुस्तकाचा रंग बदलला म्हणून गेले, कोणी गिटार आली म्हणून गेले आणि कोणी ती काढली म्हणून. समलिंगी पाळक चालतील असं वरच्या चर्चसभेत ठरलं तेव्हा दोन बाकं रिकामी झाली. गाव त्यावर फार वेळ भांडलं म्हणून आणखी एक. साथीच्या वर्षी मास्क लावायला सांगितला म्हणून काही गेले. मुलांचे आइस हॉकीचे सामने रविवारी सकाळी ठेवले जाऊ लागले, तेव्हा उरलेले आईबाप गेले. आणि विचारलं की म्हणायचे, “मला देव तळ्यावर मासे पकडताना भेटतो.” भेटत असेल. पण तळ्यावर गेलेल्याला आजारी शेजाऱ्याच्या दारात गरम जेवण ठेवावं लागत नाही, न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसून गावं लागत नाही. त्यांनी देव ठेवला आणि शेजारी टाकला.

आज माझ्यात न खोडलेली नावं एकशे अठरा आहेत. रविवारी येतात पंधरा.

गेल्या शरदात शहरातल्या एका मोठ्या चर्चने आमची इमारत मागितली. बाकं काढायची, भिंती काळ्या करायच्या आणि पुढे मोठा पडदा. शहरात बसलेला प्रवचनकार इथे पडद्यावर दिसणार. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गेलन ब्रेकी यांना ते पटलं. “छत गळतंय. पंधरा म्हाताऱ्यांनी किती दिवस बादल्या ठेवायच्या?” बाकीच्या चौदांना ते नको होतं.

आमच्या चर्चच्या घटनेप्रमाणे इमारत द्यायची तर हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतात. आणि सभासद म्हणजे माझ्यात ज्याचं नाव आहे तो. आला काय, न आला काय.

१० जानेवारीला मंडळाची बैठक झाली. व्हर्लिन आमट, वय ऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं, टेबलावर हात आपटून म्हणाला, “आर्डिथ, पेन काढ आणि ही नावं खोड. आजच.”

“कोणाची?”

“जे नाताळलाच तोंड दाखवतात त्यांची. जे तेवढंही दाखवत नाहीत त्यांची दोनदा खोड.”

“माणसं आहेत ती व्हर्लिन, शेतातलं तण नाही,” गेलन म्हणाले.

“तू त्यांना मतासाठी घरोघर फोन लावतोयस, गेलन. मला कमी ऐकू येतं, पण तेवढं येतं.”

खोडायच्या नावांची यादी मांडायचा अधिकार चिटणिसाचा. सगळे आर्डिथकडे बघू लागले. तिचा हात माझ्यावर होता.

“छत्तीस वर्षं मी कोणाला खोडलं नाही,” ती म्हणाली. “आता मत आपल्याविरुद्ध जाईल म्हणून खोडू? हा कावेबाजपणा झाला.”

“तुझ्या मुलाचं, ट्रॉयचं नाव आहे, म्हणून तुझा हात थांबतो.”

“हो,” आर्डिथ म्हणाली. “त्यासाठीसुद्धा.”

मी कागदाची. मला ओरडता येत नाही. आलं असतं तर त्या रात्री मी गाव उठवलं असतं. खोड, आर्डिथ! ज्यांना तू माया म्हणून ठेवलंस, त्यांनी त्या मायेचा कधी निरोपही घेतला नाही. पण तिने मला मिटलं.

आज सकाळी मतदानाच्या सभेसाठी दाराजवळच्या टेबलावर मला उघडून ती बसली. गाड्यांवर गाड्या येत होत्या. इतके बूट त्या पायपुसण्याने वीस वर्षांत पाहिले नव्हते.

“ओळखलं नाहीस, आर्डिथ? मी कोरी. तू मला रविवारच्या शाळेत शिकवलंस.”

“ओळखलं रे. शेवटचा आलास तेव्हा डोक्यावर केस होते.”

सगळे हसले. “पण नाव आहे ना माझं?”

“आहे.”

“बघा, अजून आहे मी!” तो खुशीत म्हणाला. नाव आहे याचा आनंद, आणि ते नाव वापरायचं कशासाठी, तर दार बंद करायला. एका बाईने तर विचारलं, “कॉफी कुठे असते हो इथे?” तिच्या आजीने तळघरातल्या त्याच कोपऱ्यात चाळीस वर्षं कॉफी केली होती.

मग ट्रॉय आला. आर्डिथचा एकुलता एक मुलगा, मिनियापोलिसहून तीन तास गाडी चालवत.

“नाव?” तिने मान वर केली नाही.

“आई!”

“सगळ्यांना विचारतेय. सांग.”

“ट्रॉय मर्लिन स्कोगेन.”

पान एकसष्ट. बाप्तिस्मा १९७३, दृढीकरण १९८८. पुढे कोरं. “आहे,” ती म्हणाली.

“पायऱ्यांवरचा बर्फ कोणी काढला?”

“मी.”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी? मागच्या हिवाळ्यात याच पायऱ्यांवर मनगट मोडून घेतलंस.”

“मनगट माझं होतं. जुळलं.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी गेल्यावर माझी शेवटची उपासना इथून व्हावी, ट्रॉय. तुझ्या वडिलांची झाली तशी, मला ओळखणाऱ्या माणसांत. पडद्यावरच्या माणसाकडून नको. तेवढंच मागते.”

“आणि तोवर तू रोज इथे फावडं मारणार?”

तिने पुढच्याचं नाव विचारलं. त्याने कोट खुंटीला अडकवला आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसला.

हे वाचणाऱ्यांनो, तुमचंही नाव कुठल्या तरी वहीत असेल, देवळाच्या, वाचनालयाच्या, मंडळाच्या. तिथे जात असाल तर जा. जात नसाल तर एकदा जाऊन ते स्वतःच्या हाताने खोडा. तुमच्या नावाच्या आशेवर कोणा आर्डिथला बसवून ठेवू नका. मला राग जाणाऱ्यांचा नाही. जाऊनही नाव ठेवणाऱ्यांचा आहे.

हजर सभासद त्रेचाळीस. ठरावाला हवीत एकोणतीस मतं. व्हर्लिनने चिठ्ठ्यांना नकार दिला. “ज्याला द्यायचंय त्याने उभं राहून, तोंड दाखवून द्यावं.” पाळक कॉरिन मधल्या वाटेने मागून पुढे मोजत आल्या. बाजूने उभे अठ्ठावीस. त्यांनी विचारलं, आणखी कोणी? ट्रॉय स्कोगेन उभा राहिला.

बाजूने २९. विरोधात १४. ठराव मंजूर. ही नोंद पान २०४वर आहे. खाली सही: आर्डिथ स्कोगेन, चिटणीस.