नमुना ओळ

आमच्या वाचनालयात माझ्या पाठीमागे सगळे मला ‘रकाने’ म्हणतात. ते मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. कोणतंही काम हाती आलं की मी आधी चार रकाने आखतो: काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि झालं की नाही. घरी फ्रिजवर दूध-भाजीचा तक्ताही मीच लावलाय. बायको त्याकडे ढुंकूनही बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

वाचनालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं तेव्हा सगळ्या कामांचा तक्ता करणं माझ्याच गळ्यात पडलं, म्हणजे मी ते पाडून घेतलं. साठ हजार पुस्तकं, पाच माणसं, सहा आठवडे. कोऱ्या पानापासून कशाला सुरुवात करायची, म्हणून गेल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीसाठी संगणकावर केलेलं टेम्प्लेट उचललं. त्यात सगळ्यात वर एक नमुना ओळ होती. नवीन काम लिहिलं की बाकीचे रकाने त्या ओळीवरून आपोआप भरले जायचे, मग आपण हवे ते बदलायचे. मुदत टळली की ओळ लाल. हे लाल होणं मला फार आवडायचं. कोणाला तोंडाने बोलावं लागत नाही, तक्ताच बोलतो.

सोमवारच्या बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, तो तक्ता भिंतीवर दाखवला. आधी माझं कौतुक झालं. “असा तक्ता आपल्या सगळ्या शाखांना द्यायला हवा,” त्या म्हणाल्या. मी वरवर संकोच दाखवला, आतून फुगलो होतो. मग त्यांनी लाल ओळी मोजल्या. चौदा. आणि चौदाही बाइंडरबाईंच्या नावावर.

बाइंडरबाई बावीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून आमची फाटकी पुस्तकं शिवतात. खोली कसली, झाडू ठेवायची जागा ती. नव्या इमारतीत दुरुस्तीसाठी मोठी, खिडकीची खोली होती आणि ती बाईंना मिळणार हे जवळपास ठरलेलंच होतं. संगणकाला त्या हात लावत नाहीत. त्यांची कामं मी त्यांना तोंडी सांगायचो.

“पडद्यांची मापं? नकाशांच्या नळ्या?” चष्मा सावरत त्या भिंतीकडे बघत राहिल्या. “हे मला कधी सांगितलंत, भाऊ?”

त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षीची दुरुस्ती एकट्या बाईंची होती, म्हणून नमुना ओळीत नाव त्यांचं. जी कामं कोणाला द्यायची ते मी ठरवलंच नव्हतं, त्या सगळ्यांवर ते नाव आपोआप उतरलं होतं. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. एवढं एक वाक्य बोललो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण पाच मिनिटांपूर्वीचं कौतुक अजून कानात होतं.

“बोललो असेन बहुतेक,” मी म्हणालो.

ते ‘बहुतेक’ मी किती हुशारीने घातलं, हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

“मग माझ्याच डोक्यातून गेलं असेल,” बाई हळूच म्हणाल्या आणि वही काढून भिंतीवरची चौदा कामं उतरवून घेऊ लागल्या. मोठ्या बाई खोलीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. एरवी प्रत्येक बैठकीत तो विषय निघायचा.

मंगळवारी मी नव्या इमारतीत गेलो तर बाइंडरबाई शिडीवर चढून खिडक्या मोजत होत्या. गुडघेदुखीचं माणूस. मी खालून शिडी धरली, एवढंच. धरली याचंही मनातल्या मनात समाधान मानून घेतलं.

त्या रात्री जेवताना मी तिसऱ्यांदा मीठ मागितलं तेव्हा बायको म्हणाली, “समोर आहे ते. काय झालंय तुम्हाला?” मी सगळं सांगितलं. तिने हातातली पोळी खाली ठेवली.

“मग उद्या जाऊन सांगून टाका की.”

“सगळ्यांसमोर लाज जाईल गं.”

“जाऊ दे. त्यांची गेलीच ना सगळ्यांसमोर?”

तरी बुधवारी मी सांगितलं नाही. कामं तर होतायत, मग कशाला उकरून काढा, अशी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी सकाळी बाई माझ्या टेबलासमोर आल्या. अकरा कामं झाली होती. त्यांनी एक पाकीट पुढे ठेवलं.

“जरा वाचून बघा, काही राहिलं असेल तर सांगा. माझा आता भरवसा नाही.”

अर्ज होता. दुरुस्तीची खोली दुसऱ्या कोणाला तरी द्यावी, मला या महिनाअखेर मोकळं करावं.

“अहो, पण का?”

“माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “आधी निरोप विसरायची. मग गॅस. शेवटी मला ‘तुम्ही कोणाकडच्या?’ विचारायला लागली. मला एक नाही, दोन नाही, चौदा निरोप आठवत नाहीत, भाऊ. डोक्याला ताण देऊन बघितला. एकही नाही. मंगळवारी लेकीला फोन करून कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगून ठेवलं. रडायलाच लागली ती.”

ही बाई तीन दिवस स्वतःच्या डोक्यावर पाळत ठेवून बसली होती, आणि मी माझी शान सांभाळत होतो.

“बाई, तुम्ही काहीही विसरला नाहीत.” मी त्यांना खुर्ची दिली, तक्ता उघडला, नमुना ओळ दाखवली. “चूक माझी आहे. तुम्हाला यातलं एकही काम कोणी सांगितलं नव्हतं.”

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता रडतील, पण त्या हसल्या. डोळे पुसत हसल्या. पाकीट ओढून घेऊन पिशवीत टाकलं.

“लेकीला कळवायला हवं,” म्हणत उठल्या आणि उठता उठता थांबल्या. “तुम्हाला कधी कळलं हे?”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“सोमवारी. बैठकीतच.”

त्या परत बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला.

“आज गुरुवार,” त्या म्हणाल्या.

माणसाची सवय कुठे जाते? मी म्हणालो, “चारला बैठक आहे, सगळ्यांसमोर सांगतो. हे बघा, आत्ताच लिहून ठेवतो.” आणि तक्त्यात नवीन काम टाकलं: ‘चौदा कामांची चूक माझी होती, हे बैठकीत सांगणे.’

बटण दाबताच पुढचा रकाना आपोआप भरला. बाइंडरबाई.

सोमवारपासून मला सगळं माहीत होतं, आणि मी नमुना ओळीतलं ते एक नावसुद्धा पुसलं नव्हतं.

बाईंनी चष्मा लावला, पुढे वाकून ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

“हेही मीच करू का, भाऊ?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. मी चारची वाट पाहिली नाही. उठलो आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघालो.