एक कमी

सन २०२४, डिसेंबर महिन्याची चौदावी तारीख, शनिवार, सकाळचे अकरा. स्थळ, सांगली शहरातील एका कलादालनाची उत्तरेकडील भिंत. तिच्यासमोर जत तालुक्यातले वृद्ध मेंढपाळ बिराप्पा काठीवर भार देऊन उभे होते. त्यांना निकाल द्यायचा होता. गुडघे थकले म्हणून कळप मोडला, तेव्हापासून त्यांचे पत्र्याचे शेड रिकामे होते. मुलगा सूरज तेथे कोंबड्या पाळू पाहत होता, मुलगी साक्षी तेथेच चित्रे काढू पाहत होती. कोंबड्यांचे प्रयोजन बिराप्पांना ठाऊक होते. चित्रांचे ठाऊक नव्हते, म्हणून ते सूरजला घेऊन पहिल्या एस.टी.ने निघून आले होते.

भिंतीवर साक्षीचा सहा फुटी कॅनव्हास होता. त्यात राखी, काळे, तांबूस असे शेकडो ठिपके एकमेकांना रेटीत होते. ना माणूस, ना झाड.

"ह्यात काय हाय?" बिराप्पांनी विचारले.

"काय न्हाई, आप्पा," साक्षी म्हणाली.

"काय न्हाई, तर काढलंस कशापायी?"

"तीन म्हैनं घालवलं हिनं," मागून सूरज म्हणाला. "तेवढ्यात कोंबड्यांच्या दोन बॅचा निघत्यात."

साक्षीने भावाकडे लक्ष दिले नाही. "आप्पा, तुमी कवा मेंढरं मोजली व्हय?"

प्रश्न बिराप्पांना अपमानकारक वाटला. मोजतो तो व्यापारी. मेंढपाळ दिवस मावळताना जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभा राहतो, आत शिरणाऱ्या कळपावरून एकदा नजर फिरवतो, आणि आकड्यावाचून त्याला कळते की आज एक कमी आहे. कोणते, ते नंतर. आधी छातीत नुसती एक जागा रिकामी होते.

"मला तसंच हुतं," साक्षी म्हणाली. "कोरं कापड बघितलं की कायतरी कमी हाय असं वाटतंय. काय, ते म्हाईत नसतंय. गावंस्तवर हुडकायचं. गावलं की थांबायचं."

"मेंढरू निदान वरडतं तरी," सूरज म्हणाला. "रंग कुठं वरडतोय?"

"गप रं, सूरज्या," बिराप्पांनी दटावले.

ते दहा पावले मागे सरले, डोळे किलकिले करून त्यांनी डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवली. मग पुन्हा. कपाळावर आठी पडली.

"एक कमी हाय."

साक्षीचा चेहरा उतरला. "कुठं?"

"ते मला काय इचारतीस? कळप तुझा."

ती कॅनव्हासजवळ गेली. मग तिने सांगितले: खालच्या कोपऱ्यात एक हळदी ठिपका होता. तो डोळ्यांत खुपतो, असे एका जाणत्या गृहस्थांनी काल सुचवले, आणि तिने तो राखी रंगाने झाकला. एवढे बोलून तिने पिशवीतून रंगाची नळी काढली आणि बोटानेच तो ठिपका परत ठेवला.

बिराप्पांनी तिसऱ्यांदा नजर फिरवली. आठी गेली. कोणी म्हणेल, हा योगायोग; म्हातारा काहीही बोलला असता. परंतु बिराप्पांना वेगळेच नवल वाटत होते. चाळीस वर्षांत परक्याच्या कळपातली उणीव त्यांना एकदाही जाणवली नव्हती. ती जाणवावी इतका सगळा कळप या पोरीने, एक पाय न काढता, एक शिंग न काढता, तेथे उभा केला होता.

पायऱ्या उतरताना सूरजने विचारले, "मग शेडचं काय, आप्पा?"

"शेड साक्षीला. तुझ्या कोंबड्यांस्नी बांधाकडंला जागा बघू."