बावन्न किलो

"पेशंटले आणाची काय गरज होती, बाई? गोळ्या घ्याच्या अन् जाचं," खिडकीतून कंपाउंडर भाऊराव खेकसला.

"आज डाक्टर त्याले पाहतीन, भाऊ. तोवर मी इथून हालत नाई," जनकाबाई म्हणाली आणि तिने तीस वर्षांच्या उकंडाला दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं.

उकंडा, तिचा धाकटा, जन्मापासून भोळा. बोलणं चार-दोन शब्दांचं, पण जानेफळची ढोरं त्याच्या एका हाकेवर वळायची. तीन वर्षांपूर्वी घरचा बैल मेला, तेव्हा तो आठ दिवस ओरडत राहिला. थोरल्या किसनरावाने जुन्या डॉक्टरांकडून त्याला डोकं शांत करायच्या गोळ्या सुरू केल्या. शांत कसला, दगड झाला! पाय घासू लागले, हात कापू लागले. रोगच वाढला, असं जनकाबाईला वाटलं. बाजाराच्या दिवशी तिने तसं भाऊरावाला सांगितलं, आणि त्या शहाण्याने एकीच्या तीन गोळ्या केल्या. गोळ्यांनीच हात कापतात हे त्या माउलीला कोण सांगणार? भाकरीत कुस्करून तिनेच त्या भरवल्या.

नवे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी उकंडाचा हात धरून वाकवला. तो अडकत अडकत वाकला. "हे गोळ्यांनीच झालंय," ते म्हणाले. मग त्यांनी कार्ड मागवलं.

"दर महिन्याला वजन बावन्न किलो. ब्लडप्रेशर ठीक. कोणी तपासलं हे?"

अक्षर भाऊरावाचं होतं.

काट्यावर उकंडा एक्केचाळीस किलो भरला.

"न पाहताच लिवलं?" जनकाबाईचा आवाज फाटला. "ढोर घेतानी बी दात पाहतात, बे! माह्या पोराले तीन सालात एक डाव पाह्यलं नाई तुनं? आग लावते मी या गोळ्यांले!"

"एकदम बंद करू नका, आजी. त्याने जास्त त्रास होईल. हळूहळू कमी करू," डॉक्टर म्हणाले. "हात किती सुधारतील, ते मात्र आज सांगता येत नाही."

म्हणजे पुन्हा त्याच खिडकीपुढे हात पसरायचा! संतापाने तिचं अंग पेटलं. तरी तिने हात पुढे केला. भाऊराव खाली मान घालून पुडी बांधू लागला.

"आंधी त्याच्याकडं पाह्य," ती म्हणाली. "मंग दे."

भाऊरावाने मान वर केली. उकंडाच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. रोज ती पदराने पुसणारी जनकाबाई आज जागची हलली नाही.