काचेआडचा डोंगर

मी एक जुनी, दोन्ही बाजूंना काच असलेली पेटी आहे. मित्रांनो, माझ्याकडे जरा संशयानेच बघा. मीही सगळ्यांकडे तसेच बघते.

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला घरामागच्या खोलीत स्वतः बनवले. माझ्यात ते रंगीत वाळूचे थर अंथरत आणि एका टोकाची फळी हळूहळू आत ढकलत. थर चुरगळत, मोडत आणि तिरक्या भेगांवरून एकमेकांवर चढत. जमिनीच्या रेट्याने डोंगररांगा अशाच उठतात. पुढे नवी भेग पडली की मागची जुनी झोपी जाते, असे मास्तर काचेतून दाखवत. मुले टाळ्या वाजवत. मग घरात संगणक आला आणि मी धूळ खात पडले. कोणी आत डोकावले तरी वाटायचे, हा मला भंगारात काढायला आला.

म्हणून मास्तर फडके घेऊन आले, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"धाकट्याचा फोन होता," ते थोरल्या मुलीला म्हणाले. तीही हाच विषय शिकवते. "त्याचा बोगदा डोंगरातल्या जुन्या भेगेपर्यंत आलाय. उद्या माणसं घेऊन आत जाऊ का, विचारतोय."

दोघांनी त्या डोंगरासारखे थर माझ्यात रचले. प्रत्येक रेट्यानंतर मास्तर पायथ्याशी आणि खाचांत पांढरी वाळू भुरभुरत. नद्यांनी आणलेला गाळ म्हणून ती त्यांची जुनी सवय. काचेतून पाहिले, तर मागची भेग निपचित होती.

"गाढ झोपलीये. सांगतो त्याला, खण म्हणून."

"थांबा बाबा. काचेपाशी वाळू अडकून बसते. आत काय झालंय, कुणाला ठाऊक? कापून बघू."

"अगं, दिवसभराची मेहनत आहे! तुला मेला सगळ्याचाच संशय."

"आत माझा भाऊ जाणार आहे, बाबा."

कापताना ढासळू नये म्हणून मास्तरांनीच पाणी शिंपडून वाळू ओली केली आणि मुलीच्या हाती सुरी दिली. तिने मधोमध काप घेतला. जुनी भेग पुन्हा सरकली होती आणि तिच्यावरचा पांढऱ्या वाळूचा थर तुटून खालीवर झाला होता. पायथ्याच्या गाळाच्या वजनाने पुढची भेग जाम झाली, तसा सगळा रेटा मागच्या भेगेवर आला. वरून मास्तर वाळू भुरभुरत राहिले आणि खुणा झाकल्या गेल्या, म्हणून कोणाला काही दिसले नाही.

मास्तरांनी धाकट्याला फोन लावला. "आत जाऊ नकोस. आधी लांबून भोकं पाडून तपास."

"बाबा, वाळूची पेटी बघून काम थांबवू?" फोनवरचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"तुझ्या ताईला संशय आलाय, म्हणून थांबव."

मित्रांनो, माझी काच रोज पुसा, मला कोरडी ठेवा. पण काचेतून दिसले तेवढ्यावर विसंबू नका. कापताना माझा डोंगर जातो आणि मला वाईट वाटते, तरी कापा. त्या संध्याकाळी मास्तर बराच वेळ त्या कापाकडे बघत बसले. मग मुलीला म्हणाले, "उरलेला डोंगरही काप गं. मला सगळं बघायचंय."