एकतिसावा दिवस

माझे दोघे भाऊ एकाच स्कॅन सेंटरच्या दोन शाखा चालवतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी नेटवर्कची कामं करते, म्हणून काही बिघडलं की बहीण आठवते. एरवी मी दिल्या घरची.

आज बाबांच्या मणक्याचा स्कॅन दुसऱ्या शहरातल्या सर्जनकडे चारच्या आत पोचायला हवा होता, नाहीतर ऑपरेशन दोन महिने पुढे. सकाळपासून फाइल जातच नव्हती. बाबा थोरल्याच्या शाखेत बाकावर, मांडीवर बॅग घेऊन बसले होते. पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा धाकट्याकडे, अशी त्यांची वाटणी. महिना एकतीसचा आला की जादा दिवसावरून जुंपते. आज एकतीस होती.

"त्याच्याकडेच बोंब असणार," थोरला म्हणाला.

"दादानेच घोळ घातलाय," फोनवरून धाकटा ओरडला.

मी वाटेचा माग काढला. फाइल तुकडे होऊन जाते. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो बघून पुढे ढकलतो. पडद्यावर ओळी आल्या: थोरला, धाकटा, थोरला, धाकटा. आपली लाइन मोकळी राहावी म्हणून दोघांनीही काल आपापल्या राउटरला सांगून ठेवलं होतं, बाहेर जाणारं सगळं भावाच्या गळ्यात टाक. एकाच दिवशी, एकमेकांच्या नकळत! एकाच माळेचे मणी. दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मग ते तुकडे गेले कुठे?" थोरल्याने विचारलं.

"मेले. प्रत्येकावर एक आकडा असतो, दर टप्प्याला एकने कमी होतो. शून्य झाला की राउटर फेकून देतो. नाहीतर तुमच्या दोघांत जन्मभर हेलपाटे घालत बसले असते."

मी थोरल्याच्या राउटरमधली भावाकडे ढकलणारी ती ओळ खोडली आणि बाहेरची वाट त्याच्याच लाइनवरून काढून दिली. पावणेचारला सर्जनकडून पोच आली.

"सुटलो," थोरला म्हणाला. "आता जाता जाता बाबांना धाकट्याकडे सोड. आजचा दिवस त्याचा."

"मागच्या एकतीसला मीच ठेवलं होतं!" फोन अजून चालूच होता.

मी फोन कापला आणि बाबांची बॅग उचलली. "बाबा, चला माझ्याकडे."

बाबा बाकाला धरून हळूहळू उठले.

"आजच्या एका दिवसासाठीच ना?" त्यांनी विचारलं.